घरच्या शाळेसाठी तासांऐवजी चिठ्ठ्या
घरीच शिकणाऱ्या मुलांचे तासवार वेळापत्रक कोकणातल्या पावसाळ्यात वीज गेली, की सोमवारीच कोलमडते. त्याऐवजी रोज सकाळच्या पेजेनंतर गणित आणि वाचन एवढेच पक्के ठेवावे. बाकीच्या कामांच्या आठ-दहा चिठ्ठ्या रविवारी लिहून पडवीतल्या दोरीला चिमट्यांनी लावाव्यात आणि त्या दिवशी जमेल ती मुलाने स्वतः काढावी. शनिवारी उरलेल्या चिठ्ठ्या सरळ फाडून टाकाव्यात, पुढच्या आठवड्यावर ढकलू नयेत (पालकांना हेच सर्वांत जड जाते). किनाऱ्यावरील निरीक्षणाला मात्र ठरावीक वेळ देऊन उपयोग नाही, कारण ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. ती चिठ्ठी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहूनच काढावी, आणि पाणी चढू लागताच मुलांना खडकांवरून मागे आणावे.