आहेराची यादी आणि आहेराची वही : या चुका टाळा

आमच्या घरात कुणाचंही लग्न निघालं की आहेराच्या टेबलावर मला बसवतात. अक्षर बरं आहे आणि पंगतीची घाई नसते, एवढीच पात्रता. सोलापुरातल्या नि आसपासच्या कार्यालयांत, मे महिन्याच्या उन्हात, नुसत्या कुरकुरणाऱ्या पंख्याखाली बसून मी कितीतरी वह्या भरल्यात. आता भाचे-पुतणे मोबाइलवर आपल्याला हव्या त्या गिफ्टची यादी करून लिंक पाठवतात. पाठवा की, माझी हरकत नाही. पण चुका त्याच त्याच बघून कंटाळलोय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पाकीट तिथल्या तिथं फोडणं. मावसभावाच्या लग्नात मी जेवायला उठलो आणि वही एका भाच्याच्या हाती दिली. हुशार पोरगा, बारावीला चांगले मार्क. वीस मिनिटांनी येऊन बघतो तर पठ्ठ्यानं काम 'सोपं' करून टाकलेलं. पाचशेच्या, शंभराच्या वेगवेगळ्या गड्ड्या, पाकिटं सगळी टोपलीत, आणि वहीत ओळीनं: पाटील ५०१, पाटील ५०१, कुलकर्णी १००१, पाटील २०१.

"काय लिहिलंस बे हे? कुठले पाटील?"

"मामा, टोटल बरोबर आहे ना!"

टोटलही बरोबर नव्हती. पाकिटावर चिकटवलेला रुपया पाकिटाबरोबरच टोपलीत गेला होता. ते रुपये उकरून काढले, पण कुठलं पाकीट किती रकमेचं हे कसं कळणार? मोहोळच्या पाटलांनी चांदीचा पेला दिला होता, तो बार्शीच्या पाटलांच्या नावावर चढला. नव्या सुनेनं बार्शीला फोन करून पेल्याचे आभार मानले. तिकडच्या काकू बिचाऱ्या ओशाळल्या, "आम्ही कुठं गं दिला पेला?" पुढं मोहोळच्या मुलीचं लग्न निघालं. मावशीनं वही बघून २०१ रुपयांचं पाकीट दिलं. ती मंडळी अजून मोजूनमापून बोलतात.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. पाकीट हातात आलं की त्यावर नंबर टाकायचा आणि तोच नंबर वहीत. पुढं पूर्ण नाव, गाव, मुलाकडचे की मुलीकडचे. वस्तू असली तर खोक्यावर मार्करनं नंबर. चिठ्ठी चिकटवलीत तर टेम्पोत पडते. रक्कम टेबलावर लिहायचीच नाही. रात्री घरी दोघांनी बसून एकेक पाकीट उघडायचं आणि नंबरासमोर आकडा भरायचा. रिकामी पाकिटं रबर लावून वर्षभर ठेवतो, बायको कितीही बोलली तरी. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड सगळी मंडळी एकाच पंगतीला असतात आणि एकच आडनाव तीन जण तीन तऱ्हेनं लिहितात. म्हणून नाव समोरच्यालाच विचारायचं. मागं रांग लागली तर लागू दे.

वही म्हणजे जुनाट खटाटोप वाटत असेल, तर हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे, आणि त्याखालच्या १९८५ च्या नियमांनुसार वधूला मिळालेल्या आणि वराला मिळालेल्या भेटींच्या लेखी याद्या ठेवायच्या असतात. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातेवाईक असेल तर नातं, आणि खाली नवरा-नवरी दोघांच्या सह्या. माझ्या वहीत नातं, किंमत आणि सह्या सोडून सगळं असतंच. तेवढं दुसऱ्या दिवशी भरून घ्या.

टेबलावर क्यूआर कोड ठेवताय? मग तो नवरा-नवरीच्याच खात्याचा ठेवा, वडिलांच्या नको. लग्नात वधूवरांना मिळालेल्या भेटीवर प्राप्तिकर नाही. ही सूट आईवडिलांना मिळालेल्या भेटीला नाही. शिवाय आजीचा आहेर नातवाच्या मोबाइलवरून येतो आणि स्क्रीनवर नातवाचं नाव दिसतं, म्हणून पैसे आले की वहीत आजीचं नाव तिथंच चढवा. रोखीचं म्हणाल तर एका लग्नात एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेताच येत नाही.

आता गिफ्टच्या यादीबद्दल. पत्रिकेवर 'आपली उपस्थिती हाच आहेर' छापायचं आणि संध्याकाळी ग्रुपवर लिंक टाकायची, हे करू नका. मामा-काकांना तर लिंक पाठवूच नका, ते विचारतातच, "काय घेऊ रे?" तेव्हा यादीतलं एक नाव सांगा. यादीत सगळं पाच हजारांच्या वरचं असलं की लोक यादी बंद करतात आणि चादर आणतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, मला तिचा अभिमानही आहे, पण एका लग्नात अकरा आल्या होत्या. दोन-चारशेच्या वस्तूही घाला: पोळपाट, चहाची गाळणी, नॅपकिनचा सेट.

दुकानात जाऊन घेतलेली वस्तू यादीतून आपोआप कमी होत नाही. रोज रात्री कुणीतरी खूण करायला हवी, नाहीतर तीन मिक्सर येतात. आणि पत्ता! संसार पुण्यात थाटायचा आणि यादीत पत्ता जुळे सोलापूरचा. आमच्या पुतण्यानं डिनर सेट मांडीवर घेऊन हुतात्मा एक्सप्रेसनं नेला. दौंडपर्यंत ठीक होता म्हणे.

आभारांचं तर बोलायलाच नको. हळदीकुंकवाचं चित्र, त्यावर 'सर्वांचे मनःपूर्वक आभार', आणि दोनशे जणांना फॉरवर्ड. याला मी आभार म्हणत नाही. सत्यनारायण झाला की वही घेऊन बसा, चहाबरोबर रोज पाच फोन. नवऱ्याकडच्यांना नवऱ्यानं, नवरीकडच्यांना नवरीनं. फोनवर वस्तूचं नाव यायलाच हवं आणि ती आता कुठं आहे तेही: "आत्या, तुमच्या कुकरमध्ये आजच वरणभात लावला." रोख दिली असेल तर आकडा उच्चारायचा नाही, त्यातून काय घेतलं ते सांगायचं. फोन झाला की नावापुढं टिक.

उरलेल्या चादरी पुढं दुसऱ्यांच्या लग्नात द्यायला हरकत नाही, सगळेच देतात. फक्त देण्याआधी घडी पूर्ण उलगडून बघा. आम्हाला एकदा आमच्याच नावाची चिठ्ठी घडीत ठेवलेली चादर परत आली होती.