आधी क्रेडिटचा कागद, मग विमानाचं तिकीट : सोलापुरातून ऑस्ट्रेलियात एक सत्र

ऑस्ट्रेलियात एक सत्र शिकायला जाताना विद्यार्थी सगळ्यात जास्त वेळ व्हिसावर घालवतात आणि सगळ्यात कमी आपल्याच कॉलेजच्या कार्यालयात. नुकसान मात्र तिथेच होतं. तिकडे चार विषय पास होऊन आलात आणि इथल्या गुणपत्रिकेत ते उतरलेच नाहीत, तर वर्ष वाया. म्हणून सुरुवात इथूनच.

कोणतं सत्र?

तिकडचं पहिलं सत्र फेब्रुवारीअखेर किंवा मार्चात सुरू होऊन जूनमध्ये संपतं, दुसरं जुलैअखेर ते नोव्हेंबर चालतं. आपलं विषम सत्र जून-जुलै ते नोव्हेंबर-डिसेंबर असल्यामुळे तिकडचं दुसरं सत्र त्यात बरोबर बसतं. पहिलं निवडलं तर आपल्या सम सत्राची सुरुवात आणि शेवट, दोन्ही कापले जातात. तेव्हा पाचवं किंवा सातवं सत्र धरा. सातव्या सत्रात कॅम्पस मुलाखती असतात, त्यामुळे अभियांत्रिकीवाल्यांना आम्ही पाचवंच सुचवू. सगळी विद्यापीठं दोन सत्रांचीही नसतात. सिडनीतलं न्यू साउथ वेल्स विद्यापीठ वर्षात तीन टर्म चालवतं, त्यातली शेवटची सप्टेंबरात सुरू होते. ती आपल्या वेळापत्रकाला जुळत नाही.

तयारीला दहा ते बारा महिने लागतात. पुढच्या जुलैत जायचं असेल तर या दिवाळीच्या आत कागद हलले पाहिजेत.

एक्स्चेंज की स्टडी अब्रॉड?

या दोन शब्दांत लाखोंचा फरक आहे. एक्स्चेंजमध्ये दोन संस्थांचा करार असतो, तुम्ही फी आपल्याच कॉलेजला भरता आणि तिकडची शिकवणी फी माफ असते. स्टडी अब्रॉडमध्ये करार लागत नाही, पण तिकडची पूर्ण फी तुमची. परदेशी प्रवेश करून देणाऱ्या सल्लागाराला विद्यापीठाकडून कमिशन बहुधा फी भरणाऱ्या विद्यार्थ्यामागे मिळतं, म्हणून तो एक्स्चेंजचा विषय स्वतःहून काढेलच असं नाही. करार आहे का, हे आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कक्षाला विचारा, कक्ष नसेल तर प्राचार्यांना. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजला विद्यापीठाची मंजुरी लागेल. कॉलेज स्वायत्त असेल तर तिथलं अभ्यास मंडळ आणि विद्वत परिषद निर्णय घेऊ शकते. करार यूजीसीच्या २०२२ च्या नियमांखालचा ट्विनिंग प्रकारचा, म्हणजे पदवी इथली पण काही भाग परदेशात शिकण्याचा असेल, तर परदेशातले क्रेडिट एकूण अभ्यासक्रमाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. एका सत्राला ही मर्यादा आड येत नाही.

क्रेडिटचा कागद

तिकडे एका सत्राचा पूर्ण भार म्हणजे बहुतेक ठिकाणी चार विषय. आकडे मात्र विद्यापीठागणिक वेगळे. मेलबर्न विद्यापीठात एक विषय १२.५ गुणांचा, सिडनी आणि मोनाशमध्ये ६ चा, क्वीन्सलंड विद्यापीठात २ युनिटचा. आकड्याला आकडा जुळवत बसू नका. चार विषय म्हणजे पूर्ण सत्र आणि आपलं सत्र २० ते २२ क्रेडिटचं, म्हणजे तिकडचा एक विषय साधारण आपल्या पाच क्रेडिटचा. हाच युक्तिवाद विभागप्रमुखांपुढे मांडा. शब्दांचाही घोळ होतो. क्वीन्सलंडमध्ये ‘कोर्स’ म्हणजे एक विषय, मेलबर्नमध्ये त्याला ‘सब्जेक्ट’ आणि मोनाशमध्ये ‘युनिट’ म्हणतात. आपल्याकडे कोर्स म्हटलं की अख्खी पदवी डोळ्यांसमोर येते, आणि अर्ज तिथेच अडकतो.

मंजुरी चार नव्हे, आठ विषयांची घ्या. काही विषय दुसऱ्या सत्रात शिकवतच नाहीत, काहींना आधीचा विषय झालेला लागतो, काहींचे तास एकमेकांवर येतात. आठांपैकी चार नक्की मिळतात. प्रत्येक विषयाची रूपरेषा विद्यापीठाच्या हँडबुकमधून उतरवून जोडा. सही-शिक्क्याच्या पत्रात एवढ्या गोष्टी हव्यात :

१. तिकडचा कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाऐवजी, आणि किती क्रेडिट.
२. गुणांचं रूपांतर. तिकडे ५० ला पास. सिडनीत ६५ ते ७४ ला ‘क्रेडिट’ नावाची श्रेणी (आपल्या क्रेडिटशी तिचा संबंध नाही), ७५ ते ८४ डिस्टिंक्शन, ८५ पासून वर हाय डिस्टिंक्शन. तिथले ६८ हे चांगले गुण आहेत. सरळ १० ने भागून ग्रेड लावली तर सीजीपीए विनाकारण पडतो.
३. इथला परीक्षा फॉर्म भरायचा की नाही, आणि ७५ टक्के हजेरीतून सूट.
४. एखादा विषय राहिला तर तो इथे बॅकलॉग म्हणून कधी देता येईल.

महाडीबीटीची शिष्यवृत्ती असेल तर सत्रभर बाहेर राहिल्याने ती अडते का, हेही याच फेरीत विचारून घ्या.

पासपोर्ट आणि नावाची भानगड

आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर रांग वेगळी, कधी वडिलांचं नावच नाही. ऑस्ट्रेलियाचं विद्यापीठ पासपोर्टप्रमाणे नाव घेतं. सगळे अर्ज, इंग्रजीची परीक्षा, बँकेचं पत्र आणि विमा एकाच स्पेलिंगमध्ये, पासपोर्टप्रमाणेच करा. सातबारा, उत्पन्नाचा दाखला असे मराठी कागद इंग्रजी भाषांतरासह द्यावे लागतात. भारतातल्या भाषांतरकाराने प्रत्येक भाषांतरावर स्वतःचं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि पात्रता लिहिलेली हवी. नुसता शिक्का पुरत नाही.

इंग्रजीसाठी व्हिसाला आयईएलटीएसमध्ये एकूण ६.० लागतात, मार्च २०२४ पासून. विद्यापीठं मात्र बहुधा ६.५ मागतात, आणि कुठल्याही भागात ६ पेक्षा कमी चालत नाही. आपल्याकडची मुलं बहुतेक लेखनात अडकतात, म्हणून दुसऱ्या प्रयत्नाला वेळ राहील अशी तारीख घ्या.

व्हिसा

व्हिजिटर व्हिसावर तीन महिन्यांपर्यंतच शिकता येतं. सत्र त्यापेक्षा लांब असतं, म्हणून स्टुडंट व्हिसा, म्हणजे सबक्लास ५००, लागतो. क्रम असा : विद्यापीठाची ऑफर, ती स्वीकारणं, ओएसएचसी म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा, मग सीओई म्हणजे प्रवेशाची पुष्टी, आणि मग इमीअकाउंट या ऑस्ट्रेलिया सरकारच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज. १ जुलै २०२५ पासून अर्जाचं शुल्क २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झालं. नकार आला तरी ते परत मिळत नाही. शुल्क बहुधा १ जुलैलाच बदलतं, तेव्हा अर्ज त्याआधी टाकणं शहाणपणाचं.

पैसे दाखवताना वर्षाचा राहण्याचा खर्च २९,७१० डॉलर धरतात, मे २०२४ पासून. एका सत्रासाठी तो मुदतीच्या प्रमाणात कमी होतो. सहा महिने धरले तर साधारण १४,८५५ डॉलर, म्हणजे डॉलरला ६० रुपये धरून जवळपास ८ लाख ९० हजार. त्यावर प्रवासाचे २,००० डॉलर, आणि स्टडी अब्रॉड असेल तर फी. शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र किंवा पालकांच्या ठेवी चालतात. अडचण येते ती यंत्रमागाच्या किंवा शेतीच्या रोकडीची. हंगामाचे पैसे अर्जाच्या आठवड्यात एकदम खात्यात भरले की अधिकारी विचारणारच, हे आले कुठून? अडत्याच्या पट्ट्या, विक्रीची बिलं, आयकर विवरणपत्रं जोडा. त्याहून बरं म्हणजे, पैसा सहा महिने आधीपासूनच खात्यात ठेवा. घरचं सोनं यात धरत नाहीत.

अर्जात ‘जेन्युइन स्टुडंट’चे, म्हणजे तुम्ही खरोखर शिकायलाच येताय ना हे तपासणारे प्रश्न असतात, प्रत्येकाला १५० शब्दांची मर्यादा. इंटरनेटवरचे तयार परिच्छेद टाकू नका. एका सत्रासाठी जाणाऱ्याकडे सगळ्यात भक्कम पुरावा आधीच असतो : वरचं क्रेडिटचं पत्र. कोणते चार विषय, ते इथल्या कशाऐवजी, आणि परत येऊन कोणतं सत्र पूर्ण करायचं आहे, एवढं नेमकं लिहा. बायोमेट्रिक्सचं, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचं पत्र आलं तर पुण्याच्या केंद्राची वेळ घ्या, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन रात्री परत येता येतं. वैद्यकीय तपासणी मात्र ओळखीच्या डॉक्टरकडची चालत नाही. एचएपी क्रमांक, म्हणजे व्हिसाच्या तपासणीसाठी मिळणारा ओळख क्रमांक घेऊन ठरवून दिलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच जावं लागतं.

दहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या अभ्यासक्रमाला व्हिसा साधारण अभ्यासक्रम संपल्यावर एक महिन्यापर्यंतचा मिळतो. विमा त्या शेवटच्या दिवसापर्यंतचा हवा. ओएसएचसीच्या साध्या पॉलिसीत दात आणि चष्मा येत नाहीत, म्हणून दाढेचं काम इथेच उरका आणि जास्तीचा चष्मा करून घ्या.

बॅग, म्हणजे शेंगाचटणीचा प्रश्न

ऑस्ट्रेलियाचं जैवसुरक्षेचं खातं जगातल्या कडक खात्यांपैकी आहे. खाप्रा नावाच्या धान्यकिड्याच्या भीतीने भारतातून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, जिरे, धणे, बडीशेप, सुक्या मिरच्या आणि कच्चे शेंगदाणे यांना बंदी आहे. आईने डब्यात भरून दिलेली चटणी घरीच ठेवा. भाजलेल्या दाण्यांची, कारखान्यात सीलबंद केलेली, इंग्रजी लेबल असलेली पाकिटं तेवढी नेऊन बघावीत, तीही जाहीर करून. ती सोडायची की नाही हे अधिकारी ठरवतो. पेढे, खव्याची मिठाई, ताजा कढीपत्ता आणि पेरता येईल असं कुठलंही बी नको. ज्वारीचं पीठही नेऊ नका. सिडनीत हॅरिस पार्क आणि मेलबर्नमध्ये डँडेनाँगला भारतीय किराणा भरपूर मिळतो.

येणाऱ्या प्रवाशाच्या कार्डावर शंका असली की ‘हो’ लिहा. जाहीर केलेली वस्तू फार तर फेकून देतात. लपवलेली सापडली तर हजारो डॉलरचा दंड होतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. औषधं तीन महिन्यांची, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह.

जुलैत तिकडे हिवाळा असतो. मेलबर्नला दिवसा १४ अंशांच्या आसपास आणि रात्री ७, शिवाय वारा आणि रिमझिम. घरं आतूनही गार असतात, त्यामुळे थर्मल आणि वारा अडवणारं जाकीट न्या. सोलापुरी चादर एकटी पुरत नाही, पण खालून अंथरायला उत्तम. वीज २३० व्होल्ट, आपल्यासारखीच, फक्त पिना तिरप्या असतात. अडॅप्टर घेतला की झालं. भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, आणि सिम बंद पडलं तर फी भरायचीच राहते.

आणखी एक, जुलैत आषाढी येऊ शकते. त्या आठवड्यात मुंबईच्या गाड्यांची आरक्षणं मिळत नाहीत आणि पंढरपूरच्या बाजूचे रस्ते भरलेले असतात. विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

राहणं

भाडं आठवड्याचं सांगतात. आठवड्याला ३०० डॉलर म्हणजे महिन्याला १,२०० नव्हे, १,३००, कारण वर्षात ५२ आठवडे असतात. वर्षाच्या करारात अडकू नका. वसतिगृह किंवा सत्रापुरती खोली बघा. अनामत न्यू साउथ वेल्समध्ये चार आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि ती सरकारी खात्याकडे जमा व्हायला हवी. खोली न बघता कुणाच्या खात्यात पैसे टाकायचे नाहीत. ‘मी परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो’ म्हणणारा घरमालक नसतो. आत शिरताना भिंती, गालिचा, शेगडी यांचे फोटो काढून खोलीच्या स्थितीच्या अहवालाला जोडा.

पत्ता बदलला तर सात दिवसांत विद्यापीठाला कळवावा लागतो, ही व्हिसाची अट आहे. क्वीन्सलंडमध्ये बस-लोकलचं तिकीट सगळ्यांना ५० सेंट आहे. खर्चाने शहर निवडणाऱ्यांनी ब्रिस्बेनचा विचार करावा.

अभ्यास आणि काम

शिकवण्याचे आठवडे १२-१३ असतात, मध्ये एक सुट्टीचा. शेवटच्या महिन्यात रात्री जागून पेपर काढायची आपली सवय तिथे चालत नाही. निम्मे किंवा त्याहून जास्त गुण अनेकदा परीक्षेआधीच निबंध, क्विझ आणि ट्युटोरियलमध्ये वाटले जातात. निबंध टर्निटिनसारख्या नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तपासतात आणि पुस्तकातला परिच्छेद संदर्भाशिवाय उतरवला तर चौकशी लागते. पहिल्या दोन आठवड्यांत विषय बदलता येतो. बदललात तर नवा विषय मंजूर आठांपैकीच असावा, नाहीतर त्याच दिवशी कॉलेजला ईमेल करून लेखी होकार घ्या. दुसऱ्या सत्रात ३१ ऑगस्ट ही बऱ्याच विद्यापीठांची सेन्सस तारीख असते. तिच्यानंतर विषय सोडला तर फी परत मिळत नाही.

वर्ग चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं, अभ्यासक्रम सुरू व्हायच्या आधी एक तासही नाही. जुलै २०२५ पासून किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झालं. रोखीत कमी देऊ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. टॅक्स फाइल नंबर, म्हणजे तिकडचा करदात्याचा क्रमांक, फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. तरीही घरच्या हिशेबात ही कमाई धरू नये, कारण काम मिळेपर्यंत सप्टेंबर उजाडतो.

समुद्रावर गेलात तर जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पाण्यात उतरा. हिप्परग्याच्या तलावात पोहायला शिकलेल्याला समुद्राचा आत ओढणारा प्रवाह कळत नाही. आणीबाणीचा क्रमांक ०००.

निघताना

अनामत परत मिळवायचा अर्ज करा आणि बँक खातं शेवटचा पगार आल्यावरच बंद करा. काम केलं असेल तर मालकाने भरलेला सुपरॅन्युएशन, म्हणजे निवृत्तिनिधी, देश सोडल्यावर आणि व्हिसा संपल्यावर अर्ज करून मिळतो, ३५ टक्के कर कापून. निकाल नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरात लागतो. अधिकृत ट्रान्सक्रिप्ट बहुतेक विद्यापीठं माय ईक्वल्स या संकेतस्थळावर डिजिटल देतात. त्याची लिंक थेट कॉलेजच्या परीक्षा विभागाला पाठवा आणि जुनं मंजुरीपत्र सोबत जोडा. सम सत्राचे फॉर्म सुटायच्या आत हे झालं, तर जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरेपर्यंत गुणपत्रिकेचं काम मार्गी लागलेलं असतं.