पिकअपचं स्टेअरिंग थरथरतंय? आधी हे बघा

माझा पिकअप चौदा वर्षांचा. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून निघालो की सत्तरच्या पुढे स्टेअरिंग हातात नाचायचं. एकाने सांगितलं, स्टेअरिंग बॉक्सच बदला. खर्च ऐकून मी घरीच जॅक काढला.

थरथर कधी होते ते आधी ओळखा. ठरावीक स्पीडलाच येत असेल तर बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं नाही. ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर ब्रेकची डिस्क. स्टेअरिंग शांत आणि सीट हलत असेल तर मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा).

मग मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक उचला, खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर भरवसा नको! चाक डावी-उजवीकडून धरून हलवा: लटलटलं तर बहुधा टायरॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा). वर-खाली धरून हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. प्ले (ढिलेपणा) गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो सांधा). पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) बुश आणि त्यांना आवळणारे यू-बोल्टही बघून घ्या.

माझ्या रिमच्या आत मूठभर चिखल वाळून बसला होता. स्क्रू ड्रायव्हरने खरवडला, बॅलन्सिंग केलं. स्टेअरिंग बॉक्स अजून जुनाच आहे.