टर्बो गाडीचा एक्झॉस्ट बदलल्यावर पिकअप गेला? या चुका टाळा

"भाऊ, आवाज जबरदस्त आला, पण गाडी ओढूनच नाही राहिली." टर्बो पेट्रोल गाडीचा एक्झॉस्ट बदलून घेतलेल्या नागपूरकरांकडून हे हमखास ऐकायला मिळतं. पोलो असो, स्लाव्हिया असो की आय-ट्वेंटी एन लाइन, प्रकार तोच. डाउनपाइप (टर्बोला लागून असलेला एक्झॉस्टचा पहिला पाइप) मोठा झाला, सायलेन्सर बदलला, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) मात्र कंपनीच्याच मॅपवर, म्हणजे तिने भरलेल्या सेटिंगवर राहिला. मग गाडी खालच्या आरपीएमला दबते, मध्येच झटके देते, कधी चेक इंजिनचा दिवा लागतो. बहुतेक वेळा हे दुरुस्त होतं, पण आधी नेमकं कारण सापडायला हवं.

"बॅक प्रेशर गेलं म्हणून ताकद गेली" असं मानू नका

बॅक प्रेशर म्हणजे एक्झॉस्टचा गॅस अडून मागे साचणारा दाब. तो लागतोच, हा समज टर्बो नसलेल्या इंजिनांवरून आला आहे. टर्बोनंतरचा पाइप जितका मोकळा, तितका टर्बाइनच्या (एक्झॉस्टच्या गॅसने फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाच्या) दोन बाजूंच्या दाबांत फरक जास्त आणि टर्बो तितका लवकर फिरतो. म्हणजे पाइपने आपलं काम चोख केलेलं असतं. घोळ होतो तो ईसीयूच्या हिशेबात.

समजा, मॅपमध्ये ३००० आरपीएमला ०.८ बार बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेल्या हवेचा जादा दाब) मागितला आहे. तेवढ्यासाठी वेस्टगेट (टर्बाइनला टाळून गॅस सोडणारी झडप) किती मिटलेला ठेवायचा, हे कंपनीने जुन्या अरुंद पाइपवर ठरवलेलं असतं. नव्या पाइपवर वेस्टगेट तेवढाच मिटला तरी बूस्ट ०.८ च्या वर उसळतो. ईसीयू लगेच वेस्टगेट उघडतो, तरी आवरलं नाही तर थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) मिटत आणतो. बूस्ट धाडकन खाली येतो, पुन्हा मागितला जातो, पुन्हा उसळतो. पाय पूर्ण दाबलेला असूनही गाडी हिंदकळत राहते ती यामुळे. बूस्ट फारच वर गेला तर पी०२३४ हा ओव्हरबूस्टचा कोड येतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ईसीयू इंजिन वाचवायला ताकद मुद्दाम कमी ठेवतो. शिवाय आजच्या गाड्यांच्या मॅपमध्ये टॉर्कची मर्यादाही असते. हवा जास्त आली, टॉर्क त्या मर्यादेपलीकडे जातोय असं दिसलं, की ईसीयू स्वतःच ताकद कापतो. रिमॅप (ईसीयूचा मॅप नव्याने बेतणं) न करता डाउनपाइपवर पैसे घालणं मला म्हणूनच पटत नाही.

कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचाच भाग बदलला असेल, तर बूस्टवर फारसा परिणाम होत नाही आणि रिमॅपही सहसा लागत नाही. तिथे पिकअप गेला असेल तर संशय जोडकामावर घ्या.

लीक तपासल्याशिवाय रिमॅपला धावू नका

ही चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत स्वस्तात टळते. मॅनिफोल्ड (इंजिनातून गॅस बाहेर आणणारा भाग) आणि टर्बो यांच्यामधला जोड काम करताना हलला आणि तिथून गॅस सुटू लागला, तर टर्बाइन फिरवणारी ऊर्जाच वाया जाते. बूस्ट उशिरा येतो, कधी पी०२९९ हा कमी बूस्टचा कोड येतो. टर्बोनंतरची लीक वेगळाच त्रास देते. गॅस ठोक्याठोक्याने वाहतो, दोन ठोक्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पुढच्या लॅम्डा सेन्सरला (गॅसमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या) वाटतं, पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू पेट्रोल वाढवतो. मायलेज पडतं, टेलपाइप काळा होतो, गाडी जड वाटते.

सकाळी थंड गाडी चालू करून बॉनेट उघडा. जोडातून "टिक टिक" आवाज येत असेल आणि इंजिन तापल्यावर तो कमी होत असेल, तर लीक जवळपास नक्की. धातू तापून फुगतो आणि फट मिटते. मग गाडी पूर्ण थंड करा, फ्लँजच्या (पाइप जोडणाऱ्या बोल्टच्या पट्टीच्या) कडेला टॉर्च मारा. गॅस सुटतो तिथे काजळीची बारीक काळी रेघ उठलेली दिसते. तरी खात्री नसेल तर टेलपाइपला ब्लोअर लावून भोवती जुना कपडा घट्ट कोंबा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे कुठे येतात ते बघा. वेल्डिंगमधलं सुईएवढं छिद्रही यात सापडतं.

हात काळे झालेच आहेत, तर सेन्सरची वायर गरम पाइपला चिकटलेली नाही ना, कनेक्टर खटकन बसला आहे ना आणि जुनी गॅस्केटच पुन्हा वापरलेली नाही ना, हेही बघून घ्या.

जानेवारीची गाडी आणि मेमधली गाडी यांची तुलना करू नका

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदवलं गेलं होतं, आणि हिवाळ्यातल्या रात्री इथेच पारा १० च्या खाली जातो. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे ९ टक्के विरळ असते. टर्बो ती कसर काही प्रमाणात भरून काढतो, पण त्यासाठी हवा आणखी दाबावी लागते, म्हणजे आणखी तापते. नॉकिंगची (पेट्रोल अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्याची) चाहूल लागली की ईसीयू इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि ताकद जाते. एप्रिलमध्ये एक्झॉस्ट बदलून मे महिन्यात "पाइपने वाट लावली" म्हणणाऱ्यांच्या तक्रारीत अर्धा वाटा उन्हाचाही असू शकतो.

पाइप बसवताना कंपनीची हीट शील्ड काढून फेकली असेल, तर मात्र दोष खरंच कामाचा आहे. डाउनपाइपची उष्णता थेट बॉनेटखाली पसरते, वर्धा रोडच्या सिग्नलवर उभ्या गाडीत इनटेकचं (इंजिनात जाणाऱ्या हवेचं) तापमान चढत जातं. शील्ड परत बसवा, ते जमत नसेल तर पाइपला चांगलं हीट रॅप (उष्णता अडवणारी पट्टी) करून घ्या.

सेन्सरला फसवून दिवा विझवू नका

कॅट काढला की पी०४२० हा कॅट नीट काम करत नसल्याचा कोड येतो, आणि मग मागच्या सेन्सरला स्पेसर (त्याला गॅसच्या वाटेपासून दूर ठेवणारा तुकडा) लावून दिवा घालवला जातो. बूस्टचा प्रश्न तसाच राहतो, आणि उद्या खरा बिघाड झाला तरी दिवा लागेलच असं नाही. कॅट ठेवा. मोकळं हवं असेल तर हाय-फ्लो कॅट बसवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली धूर-आवाजासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, लायसन्सही ३ महिने जातं. दंड बाजूला ठेवला तरी आपल्याच गल्लीतल्या लेकरांनी तो धूर का घ्यावा?

लॉग न घेता मॅप बदलू नका

डोंगल (गाडीच्या ईसीयूतली माहिती वाचणारं उपकरण) लावून एक लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद, काढा: मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, थ्रॉटल, इनटेक तापमान, इग्निशन आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते). फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएस हे तपासणीचं सॉफ्टवेअर चांगलं. स्वस्त डोंगलवर मागितलेला बूस्ट दिसेलच असं नाही. मोकळा रस्ता बघा, वेगमर्यादा पाळा, गाडी एकाने चालवायची आणि लॅपटॉप दुसऱ्याने सांभाळायचा. डायनो (गाडी जागेवरच रोलरवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) मिळाला तर उत्तमच. मिळालेला बूस्ट मागितलेल्याच्या वर उसळून थ्रॉटल मिटत असेल, तर रिमॅप हवा. मागितलेला बूस्ट मिळतच नसेल, तर पुन्हा लीककडे. लाँग टर्म फ्युएल ट्रिम +१० टक्क्यांच्या वर अडकला असेल तरी लीककडेच.

रिमॅप करताना दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या गाडीची फाईल जशीच्या तशी टाकून घेऊ नका. तुमच्या गाडीच्या लॉगवर बेतलेला मॅप मागा, आणि टाकल्यानंतरचा एक लॉग कडक दुपारी घ्यायला लावा. कंपनीची मूळ फाईल आणि जुना डाउनपाइप स्वतःजवळ ठेवा. गाडी विकताना किंवा पुन्हा मूळ रूपात आणायची वेळ आली, तर तेच लागतील.