थायलंडचा समुद्र महिना बघून निवडा

थायलंडला दोन किनारे आहेत आणि दोन्हीकडचा पावसाळा वेगळा. पश्चिमेला अंदमान समुद्रावर फुकेत आणि क्राबी. तिथे साधारण मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी पाऊस, म्हणजे आपल्याकडचाच. पूर्वेला थायलंडच्या आखातात को सामुई बेट. तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर झोडपतो, नोव्हेंबरात तर सगळ्यात जास्त. त्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात आली तर फुकेत धरा, जुलै-ऑगस्टला सामुई. किनाऱ्यावर लाल झेंडा दिसला की पाण्यात उतरू नका, लाटा कितीही गरीब वाटोत. बँकॉकची देवळं कधीही बघा. मात्र तिथल्या ग्रँड पॅलेस या राजवाड्यात खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आणि बाहेर कुणी गोड बोलून ‘आज बंद आहे’ सांगितलं तर त्याच्या टुकटुकमध्ये, म्हणजे तिथल्या रिक्षात, न बसता सरळ तिकीट खिडकी गाठा.