अल्बम रेकॉर्ड करायचाय? मग आधी एवढं करून ठेवा

सगळ्यात आधी, गाणी पूर्ण बसल्याशिवाय स्टुडिओची तारीख घेऊ नका, आणि पूर्ण म्हणजे गाणं थांबतं कुठं ते पण पक्कं ठरलेलं. ब्लॅक सबाथ या मेटल बँडनं १९६९ मध्ये पहिला अल्बम एका दिवसात वाजवून संपवला, कारण ती गाणी स्टेजवर वाजवून वाजवून त्यांच्या हातात बसलेली होती. रिफवरून (गिटारचा परत परत येणारा तुकडा) काय भांडायचंय ते प्रॅक्टिस रूममध्येच भांडून घ्या, तिथं तासाचे पैसे लागत नाहीत. प्रॅक्टिस मोबाईलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका.

तारीख ठरवताना चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, बघा. चवथीला सगळे आपापल्या गावच्या घरी, कोण फोनसुद्धा उचलत नाही. पावसात लाईटचा भरवसा नाही, म्हणून कॉम्प्युटरला यूपीएस आहे का ते आधीच विचारा.

ड्रमरनं महिनाभर क्लिक (कानात टिकटिक ताल देणारा मेट्रोनोम) लावूनच वाजवायचं, प्रत्येक गाण्याचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, वहीत लिहून ठेवायचा. डबल बास (दोन्ही पायांनी वाजवायचा बास ड्रम) आला की पाय क्लिकच्या पुढं पळतात, तेवढाच तुकडा रोज सावकाश घोटा. हेड्स, म्हणजे ड्रमचे पडदे, नवीन घाला, स्नेअर ड्रमचं एक जास्तीचं न्या, आणि पेडलला तेल द्या, कारण ती कुरकुर माईक बरोब्बर पकडतो.

गिटारच्या तारा आदल्या दिवशी बदला, ताणून ताणून स्थिर होऊ द्या. ड्रॉप सी मध्ये (तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावून) वाजवत असाल तर जाड तारा लागतात, आणि जाड तारा घातल्या की इंटोनेशन (तार दाबल्यावर पण सूर बरोबर येतो का) परत बघावंच लागतं: मोकळी तार वाजवा, मग तीच बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा, ट्यूनरवर दोन्हीकडं काटा मधोमधच थांबायला हवा. आपल्या दमट हवेत गिटारची नेक, म्हणजे दांडा, हलते, त्यामुळे हे घरी एकदा आणि स्टुडिओत पोचल्यावर परत एकदा. रिदम गिटार दोनदा वाजवायची असते, एक डावीकडं एक उजवीकडं. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडं टाकला तर आवाज फक्त मोठा होतो, रुंद होत नाही, म्हणून तोच रिफ दोन्ही वेळा तसाच्या तसा वाजवता आला पाहिजे. अँपबरोबर डीआय लाईन (गिटारचा थेट, अँपशिवायचा सिग्नल) पण घ्यायला सांगा, अँपचा आवाज नंतर नाही आवडला तर बदलता येतो.

ग्रोल्स (घशातून गुरगुरत गायचे भाग) शेवटी, दिवसाला दोन तासांच्या वर नको, आदल्या रात्री ओरडणं बंद. रोज संध्याकाळी दोन हार्डडिस्कवर बॅकअप, दोन्ही वेगवेगळ्या घरी.

आणि आमच्यासारखं गाण्यात घुमट (गोव्यातलं एका तोंडाला कातडं लावलेलं मातीचं वाद्य) असेल तर नीट ऐका. मागच्या वेळी आम्ही ऑगस्टमध्ये गेलो, डिचोलीहून पणजीला पोचेपर्यंत कातडं ओलाव्यानं सैल, नाद पार बसलेला, सगळी दुपार वाया गेली. घोरपडीचं कातडं कायद्यानं बंद आहे, बोकडाचंच घ्या, कोरड्या फडक्यात गुंडाळून न्या आणि वाजवायच्या आधी बल्बजवळ धरून तापवा. माईक दोन लावायला सांगा, एक कातड्याकडं, एक मागच्या उघड्या तोंडाकडं, कारण तळहातानं उघडझाप केल्यावर जो घूं येतो तो तिथूनच निघतो. घुमटं दोन न्या, मातीचं आहे, गाडीत फुटतं.