लिस्बनमध्ये जिंजिन्या कशी मागावी आणि कशी प्यावी

लिस्बनला जाणार असाल तर रोसियू चौकाजवळच्या साँ दोमिंगूश चौकात एकदा जाच. तिथे 'आ जिंजिन्या' नावाचं खोलीएवढंही नसलेलं दुकान १८४० पासून एकच गोष्ट विकतं: जिंजिन्या, म्हणजे आंबट चेरीचं गोड, लालसर मद्य. फ्रान्सिस्को एश्पिन्येइरा या स्पेनमधल्या गॅलिशियातून आलेल्या माणसाने एका धर्मगुरूच्या सल्ल्यावरून चेरी दारूत भिजत घातली आणि साखर, पाणी, दालचिनी मिसळली, असं सांगतात.

आधी शब्द जिभेवर बसवा. 'जिंजा' म्हणजे ती आंबट चेरी. 'इन्या' हे लाडाचं, छोटेपणाचं शेपूट. फुटबॉलपटू रोनाल्डिन्योच्या नावाला त्याचंच पुल्लिंगी रूप लागलंय. यातला 'ज' आपल्या 'जीभ'मधला नाही. 'श' म्हणताना घसा घुमवला की जो घासलेला आवाज निघतो, तो. मद्यालाही जिंजा आणि जिंजिन्या ही दोन्ही नावं चालतात. लिस्बनमध्ये जिंजिन्या जास्त ऐकू येतं, ओबिदुश गावात जिंजा.

गल्ल्याशी पोचलात की विक्रेता विचारणार: 'कों एलश' की 'सैं एलश'? म्हणजे 'त्यांच्यासकट' की 'त्यांच्याशिवाय'. 'त्या' म्हणजे तळाशी मुरलेल्या चेऱ्या. पोर्तुगीजमध्ये चेरी स्त्रीलिंगी, म्हणून 'एलश'. एवढं वाक्य पाठ असलं की काम होतं: 'उमा जिंजिन्या कों एलश, पुर फावोर.' पहिल्यांदा 'कों एलश'च मागा असं मी आग्रहाने सांगेन. महिनोन् महिने मुरलेल्या त्या फळात आंबटपणा, साखर आणि दारू अशी एकजीव झालेली असतात की नुसत्या घोटात ती चव कळत नाही.

बसायला जागा नसते. पेला घेऊन बाहेर चौकात उभं राहायचं आणि छोटे घोट घ्यायचे. गोडीमुळे पटकन संपवावीशी वाटते, पण यात साधारण २० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, तेव्हा रिकाम्या पोटी नको. द्रव संपला की पेला तिरपा करून चेरी तोंडात घ्या, गर खा आणि बी कचऱ्यात टाका. बी फोडून चावू नका.

ओबिदुश हे तटबंदीतलं गाव लिस्बनच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. तिथे जिंजा चॉकलेटच्या इवल्या वाटीत देतात. आधी घोट, मग वाटी खायची. पर्यटकांसाठी सुरू झालेली पद्धत असली तरी कडवट चॉकलेट आणि आंबट चेरी यांची जोडी खरोखर छान जमते. ओबिदुश आणि अल्कोबासाच्या जिंजा फळाला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही आहे.

बाटली घेताना 'चेरीची दारू' असं मोघम मागू नका. किर्श हे चेरीपासून गाळलेलं पाण्यासारखं पारदर्शक मद्य, त्यात गोडवा नसतो. माराश्किनो गोड असतं पण तेही रंगहीन, आणि त्याचं मूळ क्रोएशियातल्या झादरकडचं. तुम्हाला लेबलवर 'जिंजा' शब्द हवा. चेऱ्या हव्या असतील तर त्या काचेतून दिसायला हव्यात.

घरी करून बघायचा विचार असेल तर एक सांगून ठेवते: आपल्याकडे केकवर आणि आइस्क्रीमवर जी लालभडक 'चेरी' येते, ती बहुतेकदा पाकवलेलं, रंगवलेलं करवंद असतं. करवंद मला मनापासून प्रिय आहे, पण त्याची जिंजिन्या होणार नाही. काश्मीरची चेरीही गोड जातीची. त्यापेक्षा एक बाटली नीट गुंडाळून चेक-इन सामानात आणा. प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय भारतात आणता येतं.